न बोललेला नवस

“नवस कोणत्या देवाचा, तेवढं सांगा बाई. मंग वस्तरा लावतो,” डोमा न्हावी म्हणाला.

अंगणातल्या स्टुलावर बसलेल्या सत्यभामाबाईंनी मान मागे वळवली. “नवस नाही, डोमा. टायफाइड होता. केस गळून राहिले, म्हणून काढून टाक म्हणते.”

डोमाने उघडलेला वस्तरा पुन्हा मिटला. “घरी कोणी गेलं का?”

“कोणी नाही गेलं. सारे पोटभर जेवून बसले आहेत.”

“मंग मले नाही जमन. सवासीण बाईचं डोकं बिनाकारण भादरलं, तर उद्या गावात कोणी माह्यापाशी दाढीले नाही बसणार.” पेटी उचलून तो चालता झाला.

सिहोऱ्याच्या शाळेत सत्यभामाबाई प्रयोगशाळा परिचर होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, पोरींनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. बावीस वर्षं हेच चाललं होतं. गावात मात्र त्यांची ओळख वेगळीच होती. ‘ते गुडघ्याएवढे केसवाली’ म्हटलं की पत्ता विचारणाऱ्याला पोरंसुद्धा घर दाखवत. आषाढात टायफाइड झाला, महिना-दीड महिना अंथरुणात गेला. त्या उठल्या आणि भादव्यात केस जायला लागले. उशीवर केस, मोरीत केस, वरणात केस. उरलेल्यांची वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, आता पुरे.

शेवटी काम नवऱ्यावर आलं. घनश्याम तुमसरच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होता. अतिशय भाविक आणि अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. बायकोच्या डोक्याला साबण लावून त्याने घरचा वस्तरा उघडला.

“कापलं तर?”

“कापलं तर हळद लावा. पण कानाकडं पाहून करा जी, कान परत येत नाहीत.”

तासाभराने सत्यभामाबाईंनी आरशात पाहिलं. डोकं चांगलं गोल निघालं होतं. त्यांना उगाचच हसू आलं. इतकी वर्षं आपल्याच डोक्याचा आकार आपल्याला माहीत नव्हता!

हसल्या नाहीत त्या त्यांच्या सासूबाई, सुशीलाबाई. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी दारात कपाळाला हात लावून बसली होती.

सत्यभामाबाई देव मानत नसत. त्याचा त्यांनी कधी गवगवा केला नाही, कोणाशी वादही घातला नाही. सासूच्या देव्हाऱ्यातली पितळी भांडी त्या चिंचेने लखलखीत घासून देत; हात मात्र जोडत नसत. “भांडं घासणं येते मले, मागणं येत नाही,” एवढंच म्हणत. सासूनेही ते कधीचंच चालवून घेतलं होतं. पण हे बोडकं डोकं झाकण्यासारखं नव्हतं, आणि सत्यभामाबाई पदरही घेत नव्हत्या.

चार दिवसांनी आठवडी बाजारात नवल घडलं. वांगी विकणाऱ्या बाईने पाटी बाजूला सारली आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. “माय, मोठं काम केलं तुम्ही. इतके केस देवीले देले!” पुढे बसस्टँडवर दोघी पाया पडल्या. घरी आल्या तर शेजारच्या कौशल्याबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बसलेल्या. कौशल्याबाई वयाने दहा वर्षांनी मोठ्या, तरी त्याही वाकल्या.

त्या गेल्यावर सत्यभामाबाईंनी सासूकडे पाहिलं. “आई, हे तुमचं काम होय?”

म्हातारी उसळली. “होय! सांगतलं मी, नवस होता म्हणून! काहून नाही सांगू? लोकं विचारून राहिले, घनश्याम बरा आहे ना? माह्या जित्या लेकाले मारून राहिले होते लोकं!”

सत्यभामाबाईंनी ते तसंच चालू दिलं. खरं सांगायचं तर त्यांना ते थोडं सोयीचंही वाटलं. काहून, कायले, कोण गेलं, हे प्रश्न थांबले होते. आपण काही खोटं बोललो नाही, असं त्यांनी स्वतःला पंधरा दिवस समजावलं.

नवरात्र बसलं. सातव्या माळेला, दुपारी, कौशल्याबाईंची सून खुशबू आली. लग्नाला चार वर्षं झालेली, पाळणा हललेला नाही. काळीभोर वेणी पुढे घेऊन ती दोन्ही हातांत धरून बसली होती.

“काकू, दुखते का हो?”

“काय दुखते?”

“डोकं भादरल्यावर. आमच्या सासूआईनं नवस बोलला. म्हणतात, सत्यभामानं केस देले अन् मरणातून उठली, तू बी दे, लेकरू होईन. दसऱ्याले नेणार आहेत.”

सत्यभामाबाईंच्या हातातली भाजीची परडी खाली टेकली. “अन् तुले द्यायचे आहेत का?”

खुशबूने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मले लेकरू पायजे, काकू.” मग हलकेच म्हणाली, “अन् केस बी पायजे.”

“डॉक्टरले दाखवलं?”

“मले तीनदा. माह्यात काही नाही म्हणतात. नवऱ्याले, मंगेशले घेऊन या म्हणतात, तर आई म्हणते, माह्या पोरात काय खोट आहे?”

त्या संध्याकाळी घरात चांगलंच वाजलं. सुशीलाबाई म्हणाल्या, “आता सांगशील तर माह्या तोंडाले काळं फासशील. चौऱ्याहत्तर वर्षाच्या बाईले खोटी पाडशील?” घनश्याम कधी आईकडे, कधी बायकोकडे पाहत राहिला. सत्यभामाबाईंना सासूची दया आली. पण डोळ्यांपुढे ती वेणी धरलेली दोन मनगटं होती, आणि ती काही हलेनात.

अष्टमीच्या आरतीचा मान मंडळाने त्यांनाच दिला होता. मंडपात सारं गाव. मंडळाचा प्रफुल्ल माइकवर सांगत होता, “आपल्या गावचं भूषण, देवीले केस अर्पण करणाऱ्या...” सत्यभामाबाई पुढे गेल्या. त्यांनी ताट घेतलं नाही, माइक घेतला. प्रयोगशाळेत त्यांना दहा पोरींसमोरही बोलायची वेळ आली नव्हती. माइक तोंडापाशी धरून त्या म्हणाल्या,

“माहे केस टायफाइडनं गेले. नवस नव्हता. मी देवाले काही मागत नाही, म्हणून मले फेडायचंही काही नाही. उरलेले केस ह्यायनं काढले, घरच्या वस्तऱ्यानं. ते देवीपाशी नाही गेले, उकिरड्यावर गेले.”

त्यांनी सासूकडे पाहिलं. म्हातारी खाली मान घालून बसली होती.

“मी उठली ते दवाखान्यातल्या औषधानं. अन् माह्या सासूनं दीड महिना तांदळाची पेज चारली, हातानं, म्हणून. नवसानं उठली म्हणाल तर तिचे कष्ट वाया जातीन. अन् मी इतके दिवस चूप बसली, ते माही चूक.”

कौशल्याबाई ताडकन उठल्या. “अन् मी तुह्या पाया पडली, त्याचं काय?”

“ते परत घ्या ना, बाई!” म्हणत सत्यभामाबाई खाली उतरल्या आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पायांवर वाकल्या. आधी पोरं हसली, मग बाया. मागून डोमा ओरडला, “घनश्याम, माह्या धंद्यात कधीपासून घुसला बे?” घनश्याम लाजून खांबाआड गेला. वांगीवाली तेवढी तोंड फिरवून निघून गेली. आरती दुसऱ्याच बाईने केली.

कौशल्याबाईंचा राग काही सहज उतरला नाही. दसऱ्याचं सोनं द्यायलाही त्या आल्या नाहीत. पण खुशबूची वेणी शाबूत राहिली, आणि पुढल्या सोमवारी मंगेशने मोटारसायकल काढली. मागे बसलेल्या खुशबूच्या मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी होती. सत्यभामाबाईंच्या फाटकासमोरून जाताना तिने पिशवी थोडी वर उचलून दाखवली.

घरी सुशीलाबाईंनी मात्र अबोला धरला. जेवायला वाढलं तर जेवत, हाक मारली तर भिंतीकडे पाहत. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी रविवार होता. बाहेर लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती आणि सकाळचं ऊन अंगणात पोचलं होतं. सत्यभामाबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर बोटाच्या नखाएवढे केस आले होते, निम्मे पांढरे. म्हातारी आतून वाटी घेऊन आली, गुडघ्यांवर हात टेकत त्यांच्या मागच्या पायरीवर बसली. वाटीत कोमट खोबरेल होतं. तिने ते सुनेच्या टाळूवर ओतलं आणि ती तळव्याने जिरवायला लागली.

तेल जरा जास्तच झालं. कानामागून मानेवर, मानेवरून पाठीत ओघळलं. सत्यभामाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि मान आणखी थोडी मागे दिली.