पुलापलीकडचा पेशंट

आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. बाकी सगळं रोडा गेन्ट्री बघते. ती फिजिशियन असिस्टंट. तपासते, औषध लिहून देते, अडलं तर डॉक्टरांना फोन करते. मी तिथे नर्स आहे. खाणीत जन्म घालवलेला व्हर्जिल कोब तिचा जुना पेशंट; हृदय कमजोर, जीभ तिखट.

बायको गेल्यावर व्हर्जिलला त्याची मुलगी नडीन नदीपलीकडे आपल्या घरी घेऊन गेली. एक पूल ओलांडायचा, पण पलीकडे राज्य वेगळं, आणि रोडाचा उपचाराचा परवाना फक्त अलीकडच्या राज्यापुरता. तिकडच्या परवान्याचा अर्ज पडून होता. एकमेकांचे परवाने मानायचा करार दोन्ही राज्यांनी केला, तेव्हा आम्ही दवाखान्यात केक कापला. मग कळलं, कायदा झालाय, अंमल व्हायचाय. तिकडच्या डॉक्टरची तारीख व्हर्जिलला थेट वसंतातली मिळाली होती.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आम्ही दोघी सणाचं गोडधोड घेऊन त्याला भेटायला गेलो. त्याच्या पावलांवर सूज होती, बोलताना धाप लागत होती. रोडाने पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

नडीन म्हणाली, "गोळी वाढवू का, एवढंच सांग. मी कुणाला बोलणार नाही."

"इथे नाही सांगता येत मला. परवाना गेला तर तिकडे अख्ख्या गावाला कोण बघणार?"

"मग मी बापाकडे नुसती बघत बसू?"

रोडाने खुंटीवरचा कोट काढला. "व्हर्जिल, उठा. गाडीत बसायचंय."

पूल ओलांडून, आपल्या हद्दीत, तिने टायरच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि मागच्या सीटवर त्याची छाती तपासून गोळी वाढवून दिली.

"लोक हद्द ओलांडतात दारूसाठी," व्हर्जिल म्हणाला, "आणि मी बघ."

सूज उतरली. पुढे नाताळ होईपर्यंत नडीन त्याला असंच पुलावरून आणत राहिली. मग बर्फाने पूल बंद झाला, आणि एका सकाळी तिचा फोन आला. बापाला उठता येत नव्हतं. ॲम्ब्युलन्स बोलाव, तोवर पाठीला उशा लावून बसतं कर, एवढंच रोडा सांगू शकली. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ नदीकडे तोंड करून उभी होती.

व्हर्जिल वाचला. पण आता तो तिकडच्याच वृद्धाश्रमात असतो; गाडीत बसण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नाही. रोडा रविवारी जाते, नुसती भेटायला; तिकडचा परवाना अजून आलेला नाही. तो पांघरूण उचलून तिला पाय दाखवतो. ती ते पुन्हा नीट झाकते आणि बेसबॉलचा विषय काढते.