पंधरावा अध्याय

चर्चच्या मंडळीत तिला सगळे पत्रकबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गेली अकरा वर्षं दर रविवारी उपासना सुटली की ती दारापाशी उभी राहायची आणि एकेकाच्या हातात घडी घातलेलं फिकट पिवळं पत्रक ठेवायची. वर ठळक अक्षरांत ‘या आठवड्याचं वाचन’. खाली सोमवार ते शनिवार रोज बायबलचा एक पाठ, पाठाखाली विचार करायला एक प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी विश्वासात वाढायला मदत होईल असं एखादं पुस्तक. ते पुस्तक ती आधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. न वाचता शिफारस करणं तिला खोटं बोलण्यासारखंच वाटे.

पोटासाठी ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. औषधांच्या खोक्यांत घडी करून ठेवतात ती माहितीपत्रकं तिथं छापली जात. मुंगीएवढी अक्षरं, आणि एक शून्य जास्त पडलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. एकवीस वर्षांत तिच्या नजरेतून असली एकही चूक निसटली नव्हती. नवा माणूस कामाला लागला की मालक त्याला तिच्या टेबलाशी आणून उभा करत आणि म्हणत, “या बाईंना फसवून दाखव, तुझा पगार वाढवतो.” ती मान वर न करता हसायची.

त्या बुधवारी संध्याकाळी ती नुकतीच घरी येऊन चपला काढत होती, तेवढ्यात फोन वाजला. धाकट्या बहिणीचा. धाकटी स्वतःहून फोन करायची ती फक्त आईला बरं नसलं की.

“आईला काय झालं?”

“काही नाही. ती विचारतेय, हा पंधरावा अध्याय कुठं मिळेल?”

“कुठला पंधरावा?”

“आजचा. तूच दिलायस. या पत्राला पाचच अध्याय आहेत. आईला वाटलं मीच पानं उलटताना गडबड करतेय. तिनं मला सगळे अध्याय मोठ्यानं मोजायला लावले. दोनदा.”

पिशवीत पत्रकाची एक प्रत होती. तिनं ती उजेडात धरली. नव्या करारातलं ते छोटंसं पत्र, तिला जवळजवळ पाठ असलेलं. आणि पाचाच्या आधी एकाचा जादा आकडा येऊन बसला होता. खाली तिचाच प्रश्न होता: ‘या अध्यायातला कोणता शब्द तुम्हांला सर्वांत जवळचा वाटला?’ तिचे कान तापले.

“टायपाची चूक आहे. पाचवा वाचा.”

“बरं,” म्हणून धाकटीनं फोन ठेवला.

आईची दृष्टी काचबिंदूनं गेली होती. ती धाकटीकडे राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. दर रविवारी पत्रकबाई वाट वाकडी करून तिथं जायची, आईचं नाव घातलेला लिफाफा खालच्या टपालपेटीत टाकायची आणि परत फिरायची. वर जाणं सात वर्षांपूर्वी सुटलं होतं, धाकटीनं नवऱ्याचं घर सोडलं त्या वर्षी. तो मंडळीचा गायनमास्तर होता. गळा गोड, बोलणं त्याहून गोड. धाकटी निघून आली, मंडळीनं तिला समजावलं, तिनं ऐकलं नाही, आणि मग तिला बोलावणंच बंद झालं. तो मात्र दर रविवारी ऑर्गनपाशी बसत होता.

त्या रविवारी एकशे तीस प्रती वाटल्या होत्या. आता फोन येतील, असं धरून ती बसली. माफी कशी मागायची तेही मनात जुळवून ठेवलं. गुरुवारी कुणाचा फोन आला नाही. शुक्रवारी दुपारपर्यंतही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळीच्या सेक्रेटरींच्या घरी वाचनगट भरायचा. दहा-बारा माणसं, मांडीवर बायबल, टेबलावर चहा. पत्रकबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत अवघडून बसली. आता कुणी विषय काढेल, मग काढेल. सेक्रेटरीणबाईंनीच काढला.

“बुधवारचा पाठ तर काय सांगू तुम्हांला! असा काळजाला भिडला!”

“काय भिडलं?” तिनं विचारलं.

“तेच हो. धीराचं. किती साध्या शब्दांत सांगितलंय.”

“मी तर दोनदा वाचला,” शेजारची बाई म्हणाली.

निवृत्त मास्तरांना राहवलं नाही. ते रोजच्या वाचनाची वही ठेवत आणि ती सगळ्यांना दाखवत. त्यांनी बुधवारचं पान उघडून पुढं केलं. तारीख, ‘अध्याय पंधरावा’, समोर लाल शाईची खूण, आणि तिच्या प्रश्नाला त्यांच्या वळणदार अक्षरांत उत्तर: ‘प्रीती.’

ती उठून न्हाणीघरात गेली. नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून हसली. हसता हसता कधी रडू लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. ज्या पुस्तकांसाठी तिनं अकरा वर्षं डोळे शिणवले, त्यांचं पुढं काय होत असेल हे तिला आत्ता कळत होतं.

शनिवारी सकाळी पुढच्या आठवड्याचं पत्रक घेऊन ती पाळकांकडे गेली. ते चांगले होते, कामात बुडालेले होते. पत्रकावर नजर फिरवल्यासारखं करून त्यांनी सही केली.

“या आठवड्याची निवडही छान होती हं.”

“बुधवारचा पाठ?”

“बुधवारचा तर विशेष.”

तिथून ती थेट धाकटीकडे गेली, आणि सात वर्षांत पहिल्यांदा जिना चढली.

धाकटी दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या करून द्यायची. खिडकीपाशी टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे, वाळत ठेवलेले गुलाबी जबडे. तिच्या बोटांना पांढरं प्लास्टर लागलं होतं. तिनं दार उघडलं, थोरलीकडे पाहिलं आणि आत वळली. ये म्हणाली नाही, दारही लावलं नाही.

“कोण गं?” पलंगावरून आईनं विचारलं.

“ताई आलीय.”

“वर आली?” आईचा चेहरा असा उजळला की थोरलीला तिच्याकडे बघवेना.

तिनं सगळं सांगितलं. वही, लाल खूण, ‘प्रीती’. आई हसली. धाकटी हसली नाही. “मंडळीत एक माणूस नाही, ज्यानं तो अध्याय शोधला,” थोरली म्हणाली. “तुझ्याशिवाय एकानंही वाचलं नाही गं. मी अकरा वर्षं कुणासाठी जीव तोडून केलं?”

“मी वाचलंय. सगळं,” धाकटी म्हणाली. तिनं हात पुसले, कपाटातून एक फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. पिवळी पत्रकं, तारखेप्रमाणे लावलेली. “आई टाकू देत नाही. हे वर्ष उघड. मी त्याच्या घरातून निघाले तिथपासूनचे सहा महिने.”

थोरलीनं उघडलं. तिनंच निवडलेले पाठ. क्षमा. क्षमा. बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं. सोसणं. पुन्हा क्षमा.

“हे मला आईला मोठ्यानं वाचून दाखवावं लागायचं,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “जबड्याला टाके होते, तोंड नीट उघडत नव्हतं. तरी वाचायचे. तुझे प्रश्नसुद्धा. ‘आज तुमच्याकडून कोणाला क्षमा करायची राहिली आहे?’”

“तेव्हाच्या पाळकांनी विषय दिला होता.”

“विषय त्यांनी दिला. पाठ तू निवडलेस.”

“मला वाटलं, तुझा संसार सावरेल.”

“तू इस्पितळात आली होतीस. टाके बघितले होतेस. मी तुला सांगितलं होतं, त्यानं पाटानं मारलं म्हणून. सहा महिन्यांत त्याच्यासाठी एक पाठ देता आला नाही तुला? एवढं जाडजूड पुस्तक, त्यात बायकोवर हात उगारणाऱ्यानं वाचावी अशी एक ओळ तुला सापडली नाही?”

थोरलीनं फाइल मिटली. सापडल्या होत्या. तिनं त्या गाळल्या होत्या. गायनमास्तर दर रविवारी तिच्या हातून पत्रक घेताना “धन्यवाद ताई” म्हणायचा, आणि त्याचं तोंड कडू व्हायला नको म्हणून तिनं गाळल्या होत्या.

“तिला बोलू नकोस,” आई म्हणाली. “तिच्याकडून चुकून झालं असेल.”

“आई, चुकून फक्त पंधरावा अध्याय झाला.”

रविवारी उपासनेच्या शेवटी सूचना वाचून झाल्यावर पत्रकबाई उभी राहिली. अकरा वर्षांत ती कधी बोलली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या.

“बुधवारसाठी मी दिलेला अध्याय बायबलमध्ये नाही,” ती म्हणाली. “त्या पत्राचे अध्याय पाच आहेत. मी पंधरावा छापला.”

कुणीतरी हसलं. पाळकही हसून म्हणाले, “म्हणजे चूक आमच्या बाईंकडूनही होते तर!” हशा मोठा झाला.

“तुमच्यापैकी कुणी शोधला?”

हशा विरला. वहीवाले मास्तर चष्मा पुसू लागले.

“माझ्या आंधळ्या आईनं आणि माझ्या बहिणीनं शोधला. ज्या बहिणीला आपण इथं येऊ देत नाही.” ती थांबली नाही. “सात वर्षांपूर्वी ती घर सोडून आली, तेव्हा तिच्या जबड्याला टाके होते. ते कुणामुळे पडले हे मला ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही. उलट ती परत जावी म्हणून सहा महिने तुम्हां सगळ्यांना...”

ऑर्गन वाजू लागला. गायनमास्तरांनी शेवटच्या गीताचे सूर धरले होते, अगदी हळुवार. मग सवयीनं पुढची रांग उभी राहिली, मागची राहिली, आणि गाणं सुरू झालं. ती मध्येच उभी होती. आता सगळेच उभे असल्यामुळे ती उभी आहे हेसुद्धा दिसेनासं झालं.

दारात तिच्या हातून पत्रकं सगळ्यांनी घेतली. डोळे मात्र कुणी भिडवले नाहीत. सेक्रेटरीणबाई कुजबुजल्या, “जुन्या गोष्टी उकरून काय मिळवलंत?”

मंगळवारी दुपारी पाळक स्वतः छापखान्यात आले. तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून फार मायेनं बोलले. तुम्ही खूप वर्षं सेवा केलीत, आता थोडी विश्रांती घ्या. पुढच्या रविवारपासून वाचन सगळ्यांच्या फोनवरच येणार आहे, तयार मिळतं, वाचलं की खूण करायचीही सोय आहे. गायनमास्तरांचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिनं घेतलं, तेव्हा ते म्हणाले, “त्या गोष्टीला दोन बाजू असतात.” तिच्यासमोर ताप उतरवायच्या गोळ्यांचं मुद्रित पडलं होतं. ती त्यावर वाकली, आणि थोड्या वेळानं ते उठून गेले.

संध्याकाळी ती पुन्हा तीन जिने चढली. खरं तर तिला काही ऐकायचं होतं. ‘बरं केलंस’ एवढं तरी. धाकटीनं दार अर्धंच उघडलं.

“कळलं मला,” ती म्हणाली. “रविवारी दुपारीच कळलं. तुला कुणी सांगितलं होतं गं?”

“मी खरं तेच बोलले.”

“सात वर्षांनी! तेव्हा मला कोर्टात साक्षीला माणूस हवं होतं, तेव्हा तू म्हणालीस, मला यात ओढू नकोस. आता उठलीस आणि माझे टाके सगळ्यांना वाटलेस, पत्रक वाटल्यासारखे.”

“मला वाटलं...”

“तुला हलकं वाटावं म्हणून बोललीस तू. मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई तुमच्याच मंडळीतल्या आहेत. माझं निम्मं काम त्यांच्याकडून येतं. काल माणूस आला, साचे परत घेऊन गेला. नवं काही दिलं नाही.”

जिन्यातला दिवा मिणमिणत होता. थोरलीनं पिशवीतून दोन कागद काढले. “पत्रक बंद झालं. पण आईसाठी मी लिहीत जाईन. पुढचा आठवडा लिहून आणलाय. यात सगळं आहे, मी गाळलेलंही.”

धाकटीनं कागदांकडे पाहिलं, हात पुढं केला नाही.

“नको. आम्ही रविवारपासून बायबल पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतलंय. जे येईल ते. कुणी निवडून द्यायला नको.”

“कोण आहे गं दारात?” आतून आईचा आवाज आला.

“ताई,” धाकटी म्हणाली. “निघालीय.”

दार लागलं. थोरली कठड्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळानं आतून धाकटीचा वाचतानाचा आवाज ऐकू येऊ लागला, सपाट, न थांबणारा. अमक्याला तमका झाला, तमका इतकी वर्षं जगला, मग मेला. पिढ्यांची लांबलचक यादी. कंटाळवाणी म्हणून अकरा वर्षांत तिनं ती कुणालाच दिली नव्हती. एका नावापाशी धाकटी अडखळली. आईनं ते नाव नीट म्हणून दाखवलं, आणि वाचन पुढं सुरू झालं.

अध्याय संपेपर्यंत ती थांबली. मग ते दोन कागद पिशवीत ठेवले आणि खाली उतरली.