डॉक्टरीणबाई आडव्या होतात

डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना चांगला चालायचा. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून त्यांची मान आखडायची आणि पाठीचं लाकूड व्हायचं. तरी रविवार उजाडला की एकच ध्यास: जाडजूड कादंबरी घ्यायची आणि दुपारभर वाचत पडायचं. डोळे ठणठणीत होते, चष्मा नवा होता. अडत होतं एवढंच, की अंग ठेवायचं कुठे?

उताण्या पडून वाचलं, तर डुलकी लागताच सातशे पानं धाडकन नाकावर. कुशीवर वळलं की डावं पान छान दिसायचं, उजव्या पानासाठी अख्ख्या देहाची उलथापालथ. पालथं पडलं की कोपरं बोंबलायची. भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, तर हळूहळू घसरत हनुवटी छातीला टेकली आणि पुस्तक गुडघ्यांच्या पलीकडे दिसेनासं झालं.

"अगं, तू वाचतेयस की कसरत करतेयस?" सोफा अडवून बसलेल्या नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही उठलात तर वाचेन!" बाई म्हणाल्या. नवरा उठला नाही.

सासूबाईंचं वेगळंच. त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसून तासन् तास मासिकं वाचायच्या आणि वर म्हणायच्या, "बसायचं आणि वाचायचं. त्यात एवढं काय?"

शेवटी बाईंनी कपाटाचा खालचा कप्पा पाहिला. आत गोधड्यांची मऊ थप्पी होती. पाय दुमडून त्या आत शिरल्या, दार किलकिलं ठेवलं आणि चक्क एक प्रकरण वाचून काढलं. तेवढ्यात सासूबाई चादर काढायला आल्या. त्यांनी दार उघडलं आणि अशी किंकाळी फोडली की सोफ्यावरचा नवरासुद्धा उठला.

"चोर आहे का?" तो धावत आला.

"चोर असता तर परवडलं असतं रे! सून आहे!"

सोमवारी एका पेशंटने घाबरून ऐन वेळी यायचं रद्द केलं. पेशंटच्या खुर्चीचं पेडल कुरकुरत होतं, ते तपासायला म्हणून बाई सहज तिच्यात बसल्या. पेडल दाबलं. पाठ मागे गेली, पाय वर आले, मानेखाली उशी अलगद बसली. डोक्यावर हवा तिथे वळणारा दिवा, दोन्ही कोपरांना आधार, शेजारी चहा ठेवायला ट्रे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं या स्वर्गात लोक थरथर कापत पडत होते आणि आपण शेजारच्या स्टुलावर वाकून मरत होतो!

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याचं दार लागायचं आणि बाई आडव्या व्हायच्या. चहा अंगावर सांडू नये म्हणून गळ्यात पेशंटचा कागदी रुमाल, दिव्याने डोळे दिपू नयेत म्हणून चष्म्यावर पेशंटचाच काळा चष्मा.

अशाच एका दुपारी कादंबरीतला कप्तान जहाजाच्या तळाच्या कोठाराचं दार उघडत होता. आत त्याची पहिली बायको लपली होती. बाईंना ते कळलं होतं, कप्तानाला नव्हतं. त्यांचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

नेमका त्याच वेळी नुसतंच लोटलेलं दार ढकलून नवा मदतनीस डॉक्टर आत आला. बाईंनी त्याला फोनवरच नेमलं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. कामावर यायचं उद्या होतं, पण गडी उत्साही. त्याने पाहिलं: खुर्चीत पेशंट, तोंड उघडं, डॉक्टरचा पत्ता नाही. त्याने हात धुतले, हातमोजे चढवले, मास्क लावला.

"असंच उघडं ठेवा हं," तो म्हणाला आणि त्याने छोटा आरसा थेट आत घातला.

"अँ! अँ अँ!" बाई म्हणाल्या.

"हो हो, सगळ्यांनाच भीती वाटते. अरे बापरे! मागची दाढ किडलीय की! तुमच्या डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही?"

बाईंनी त्याचा हात बाजूला सारला. "माझी डॉक्टर मीच आहे!"

"असं करू नये, ताई," तो समजुतीने म्हणाला. "दातांचं घरच्या घरी नसतं करायचं."

एवढ्यात दवाखान्यातल्या मावशी चहा घेऊन आल्या. "मॅडम, चहा. आणि हे कोण?"

नव्या डॉक्टरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. आरसा हातातून निसटून ट्रेमध्ये खणखणला. बाईंनी काळा चष्मा काढून त्याला नीट न्याहाळलं. चांगलं खडसावणार होत्या, पण तेवढ्यात त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"दाढ खरंच किडलीय?"

"थो... थोडीशी, मॅडम."

"भरायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. घाई असेल तर लवकरही..."

"घाई कुणाला आहे?" बाईंनी काळा चष्मा पुन्हा चढवला आणि पुस्तक उचललं. "सावकाश होऊ दे."

दाढ बधिर झाली, काम सुरू झालं. तोंड उघडं असल्यामुळे बाईंशी कुणी बोलू शकत नव्हतं आणि त्यांना कुणाला उत्तर द्यावं लागत नव्हतं. एवढी निवांत बैठक त्यांना जन्मात लाभली नव्हती. डॉक्टर त्यांच्या डोक्यामागे वाकला होता, त्यामुळे पान त्यालाही दिसत होतं. हळूहळू यंत्राची घरघर मंदावली. मग थांबलीच.

बाईंनी पान उलटायला बोट उचललं.

"थांबा ना, मॅडम," मागून काकुळतीचा आवाज आला. "माझं व्हायचंय अजून."

दाढ भरायला पावणेदोन तास लागले. बाहेर ताटकळलेल्या पेशंटना मावशींनी "केस फार अवघड आहे" असं सांगितलं. ते ऐकून दोघांची दुखणी जागच्या जागी थांबली आणि ते हळूच घरी सटकले.

संध्याकाळी सासूबाईंनी सुनेचा वाकडा झालेला ओठ पाहिला आणि हातातलं मासिक खाली ठेवलं. "अगं बाई, हे काय झालं?"

"वाफत ओते, आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि अर्ध्याच तोंडाने झकास हसल्या.