टिकलीची दाढ

“अगं, धर तिचे हात!” बाप ओरडला, तेव्हा दात घासायचा ब्रश टिकलीच्या ओठांना जेमतेम टेकला होता. आईने हात धरले नाहीत. टिकलीने बापाच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि किंचाळत टेबलाखाली जाऊन बसली.

बाप सलूनवाला. अनोळखी माणसं त्याच्या वस्तऱ्यापुढे मान टाकून खुशाल डुलक्या काढायची. पोटची सहा वर्षांची पोर मात्र त्याला तोंडाजवळ फिरकू देत नव्हती. दुधात भिजवल्याशिवाय पाव गिळायची नाही, कुणी कुरुमकुरुम सफरचंद खाल्लं तरी कान झाकायची; पण फ्रॉकच्या कॉलरींच्या चावून चावून चिंध्या केलेल्या.

“कापड चावते, फळ चावत नाही. हे कुठलं गणित?” बोट झटकत त्याने विचारलं.

“मला सुटलं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं का?” आई म्हणाली.

किंचाळताना आत एक काळी पडलेली दाढ दिसली, म्हणून दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर गोंधळ आणखीच वाढला. त्यांनी टिकलीला तोंड उघडायलाही सांगितलं नाही. दिवा बंद ठेवला, खुर्ची वरखाली करू दिली, कॉलरीऐवजी चावायला एक रबरी कडं दिलं.

“फेस, वास, आवाज तिला आपल्यापेक्षा फार बोचतात,” त्या म्हणाल्या. “हा हट्ट नाही. पेस्ट नको, नुसता मऊ ब्रश ओला करून फिरवा. आणि जबरदस्ती मुळीच नको. पुढच्या आठवड्यात या.”

“दाढ किडलीय, आणि न बघताच परत?” वाटभर तो पुटपुटत राहिला.

घरी टिकली मऊ ब्रशलाही मागे सरली. शेवटी तो जमिनीवर फतकल मारून बसला. “बरं बाई, तूच माझे घास.”

तिने त्याच्या ब्रशवर पेस्टचा डोंगर केला आणि जोर लावला. फेस घशात जाऊन त्याला ठसका लागला.

“जळतं ना?” तिने विचारलं.

हो म्हणावं, तर खोटं. “मला नाही जळत गं. तुला जळतं?”

“आग होते. आणि तू धरतोस.”

त्याला चूळ भरायचंही सुचेना. “नाही धरणार,” फेसातूनच तो म्हणाला.

त्या दिवशी तिने पुढचे दात घासू दिले. दुसऱ्या दिवशी तोंड घट्ट मिटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. आज का हो आणि काल का नाही, त्याला काही उमगेना.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हात वर केलास की मी थांबणार.” टिकलीने दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा त्या थांबल्या. मग तिने आपणहून आ केला. इवलासा आरसा आत गेला.

“दाढ वाचेल का?” आईने हळूच विचारलं.

“आज नाही सांगता येणार.”

शेजारी बापही आ करून उभा होता. टिकलीने तोंड मिटलं, तरी त्याचं उघडंच होतं.