आरतीआधीचा थांबा

काकूंनी वळून झालेली वात पुन्हा उसवली आणि कापूस बोटांनी विंचरायला घेतला. एकशे आठ वाती होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम. एरवी तासाभरात हातावेगळं होणारं काम आज काही केल्या संपत नव्हतं.

समोर देवळाच्या ओसरीवर पुतण्या मांडी घालून बसला होता. थोरल्या दिरांचा मुलगा. वडील वारल्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदाच या गावात आलेला. गावाच्या इतिहासाची पुस्तिका देवस्थानाने त्याच्यावर सोपवली होती, आणि संध्याकाळची आरती मोबाइलवर दाखवायचं कामही.

"काकू, ही तिसऱ्यांदा उसवलीत," तो म्हणाला. "मी मोजतोय."

काकूंनी डोळे वटारले. तो हसला, पण हलला नाही.

शेवटची वात तबकात पडली तसं त्याने वहीचं पान उलटलं.

"घाट कुणी बांधला, शिखर कधी पडलं, पुराचं पाणी कुठल्या पायरीला लागलं, सगळं लिहून झालं. एकच अडलंय. घंटा झाल्यावर शंभर आकडे मोजायचे आणि मगच आरती. का?"

"लोक सांगतात ना. नदी पायऱ्या चढून देवाला भेटून जाते, म्हणून."

"ते लोकांचं झालं. तुमचं काय? आजोबांच्या आधीच्या एकाही कागदात ही प्रथा नाही. आणि मोबाइलवर शंभर आकडे म्हणजे एक युग हो. माणसं दुसरीकडे जातात."

"जाऊ देत की. देव काही त्यांच्यामागे धावत नाही."

"कारण सापडलं नाही, तर ते थांबणं उद्यापासून बंद. समितीचं ठरलंय."

काकू तबकातल्या वाती उगाच सारख्या करत राहिल्या. सासऱ्यांना दिलेला शब्द मोडायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही. दोन्ही नेम इतकी वर्षं एका घरात सुखाने नांदले होते. आज एकमेकांसमोर दंड थोपटून उभे राहिले.

"तुझे वडील आजोबांविषयी काय सांगायचे रे?"

त्याने पेनाला टोपण लावलं. "फारसं काही नाही. भांडून निघालो, शेवटच्या होडीत बसलो, आणि म्हाताऱ्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. जाईपर्यंत एवढंच बोलत होते."

"नाही पाहिलं, खरंय." काकूंचा आवाज खाली आला. "मामंजींचा राग नाकाच्या शेंड्यावर. पण दुसऱ्या दिवशी आरतीला उभे राहिले, घंटा झाली, आणि हात उचलेना. पलीकडून शेवटची होडी निघाली होती. ती इकडे लागली, माणसं उतरली, एकेकाचं तोंड पाहून झालं, मग आरती केली. तिसऱ्या दिवशीही तेच. लोक विचारायला लागले, तेव्हा म्हणाले, नदीचा मान आहे. होडीला यायला शंभर आकडे लागायचे."

पुतण्या वहीकडे पाहत होता. लिहीत नव्हता.

"किती दिवस?"

"एकोणीस वर्षं. मधे पूल झाला, होडी बंद पडली. तरी मोजायचे. मला म्हणाले, सूनबाई, हे पोटात ठेव, गावात माझं हसं नको."

"कळवायचं तरी होतं, काकू."

"कळवायचं होतं," काकू म्हणाल्या. "त्यांनीही. आणि मीही."

 तो वही ओसरीवरच ठेवून उठला.

संध्याकाळी घंटा झाली. काकूंचा मुलगा निरांजन घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी उभा राहिला. पुजारीपण आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्याच्याकडे आलेलं. तो ओठांतल्या ओठांत मोजू लागला. खांबाजवळ मोबाइल तीन पायांच्या स्टँडवर तसाच होता. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

काकूंनी दारातून खाली पाहिलं. पुतण्या अगदी शेवटच्या पायरीवर बसला होता, पाय पाण्यात, तोंड पलीकडच्या तीराकडे. होड्या नसलेलं पात्र सपाट वाहत होतं.

"शंभर," मुलगा पुटपुटला. माणसं हात जोडून सरसावली. त्याने आईकडे पाहिलं. "सुरू करू?"

काकूंनी पदर सावरला.

"थांब. त्याला वर येऊ दे."