रेशीममळ्याचे फाटक

मित्रांनो, मी एक जुने पत्र्याचे फाटक आहे. हिरेगेरीच्या लोहाराने मला सरकारी रेशीममळ्यासाठी घडवले, तेव्हा माझा काय थाट होता! तुतीचा पाला तोडायला येणाऱ्या बाया मला ढकलून आत शिरत. दर दसऱ्याला मला हिरवा रंग मिळे. पुढे मळा बंद पडला, तुती वाळली आणि मी गंजत उभे राहिले.

माझ्यासमोर हमरस्ता. दुसरी जागाच नव्हती, म्हणून गावचा बाजार त्याच्या कडेला भरे. ट्रक इतक्या जवळून जात की माझा पत्रा खडखडे. एकदा फुलवाल्या होन्नम्माची टोपली चाकाखाली गेली आणि तिची सून गौरव्वा थोडक्यात वाचली. त्यानंतर बाजारात विकायला बसणाऱ्या बायांनी पालिकेचे उंबरे झिजवले. अखेर सरकारने मळ्याची जमीन बाजारासाठी पालिकेला दिली. अट एकच होती. वर्षाच्या आत तिथे बाजार भरला नाही, तर जमीन परत सरकारकडे.

आता मला उघडतील, असे वाटले. कसले काय! पालिकेचे अध्यक्ष रुद्रप्पा यांनी मला साखळी घातली, भलेमोठे कुलूप लावले आणि वर लाल फीत बांधली. मंत्री फीत कापतील, मगच बाजार! मंत्री काही येईनात. फीत उन्हाने विटली, बाया रस्त्यावरच बसल्या आणि वर्ष सरत आले.

शेवटच्या दिवशी तहसीलदार बाई पाहणीला निघाल्या. रुद्रप्पा मात्र किल्ली खिशात घालून मंत्र्यांना आणायला बेंगळुरूला गेलेले. बाया टोपल्या घेऊन माझ्यापुढे जमल्या. माझा तर जीव टांगणीला लागला.

"फोडा ते कुलूप!" गौरव्वा ओरडली.

"आणि पोलीस आले तर? जमीन राहील बाहेर, आपण जाऊ आत," होन्नम्मा म्हणाली. तिने माझ्या बिजागऱ्या चाचपल्या. "कुलुपाला हात लावू नका गं. याला इकडून उचला."

बिजागऱ्यांत खोबरेल ओतले गेले. बाया मला भिडल्या. मी हलेना. गंजाने मला घट्ट धरले होते आणि स्वतःचीच मला लाज वाटत होती. तेवढ्यात वळणावर तहसीलदार बाईंची जीप दिसली.

"दम लावा! सासूला घराबाहेर काढताय असं समजा!" होन्नम्मा म्हणाली.

"मग आत्ता निघतंय बघा, अत्ते!" गौरव्वा सासूला म्हणाली. बाया हसल्या आणि त्याच जोरात मी बिजागऱ्यांच्या खुंट्यांवरून निघाले. कुलूप, साखळी, फीत सगळे जागच्या जागी, आणि मी उलट्या बाजूने सताड उघडे!

जीप थांबेपर्यंत आत कोथिंबीर, टोमॅटो, मोगरा मांडून झाला होता.

"हे फाटक असं कसं?" तहसीलदार बाईंनी विचारले.

"आमच्याकडे असंच उघडतं, मॅडम," होन्नम्मा म्हणाली.

बाईंनी कुलुपाकडे पाहिले, फितीकडे पाहिले. मग त्या खाली बसल्या.

"हातभर मोगरा द्या, अक्का. बाजार भरलाय म्हणून लिहायचं, तर काहीतरी घ्यायला हवं ना!"

संध्याकाळी रुद्रप्पा परतले, एकटेच. त्यांनी मुकाट्याने कुलूप काढले.

मित्रांनो, बाजाराला फाटकाची गरजच उरली नाही, म्हणून आता मी त्याच्या तोंडाशी गटारावर आडवे पडले आहे. माझ्यावरून हातगाड्या जातात, पोरे उड्या मारतात. मला रंग नको. सगळ्यांसाठी मिळालेली जागा जपायची म्हणून तिला कुलूप मात्र लावू नका. खुशाल माझ्यावर पाय द्या आणि आत या.