चिनी भांडं आणि लच्छूचं ताट

प्रफुल बोरकुटेकडे रविवारी चिनी जेवण आहे, ही बातमी आमच्या मूल गावात शुक्रवारीच फुटली. आमच्याकडे चिनी म्हणजे बसस्टँडसमोरच्या गाडीवरचं, लाल रंगाचं. त्यामुळे लोकांना वाटलं, प्रफुलने गाडीच घरी बोलावली.

तसं नव्हतं. हे २००८ साल. चंद्रपूरच्या बाजूला एका खाजगी वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. यंत्रं चीनची आणि ती बसवणारे इंजिनिअरही तिथलेच. प्रफुल तिथे इलेक्ट्रिकल सुपरवायझर. त्याच्या वरचे चेनसाहेब जुलैत मायदेशी परतले आणि जाताना त्याला एक पसरट स्टीलचं पातेलं आणि लाकडी काड्यांच्या दहा जोड्या देऊन गेले. जेवणाची रीत अशी: मधोमध शेगडी, शेगडीवर उकळता रस्सा, भोवती कच्च्या चिरलेल्या जिनसा, आणि ज्याने त्याने आपापलं बुडवून, शिजवून खायचं. यजमानाच्या दृष्टीने याहून सोयीची मेजवानी माणसाने अजून शोधलेली नाही.

पातेल्याच्या आत मध्यभागी एक नागमोडी भिंत होती. भांड्यांना डाग देणारे आणि शेगड्या दुरुस्त करणारे आमचे बाबूभाई ती बघून हरखले.

"एक तरफ व्हेज, एक तरफ नॉनव्हेज," ते म्हणाले. "देखो सर, चीनमध्ये पण कोणाची तरी माळकरी सासू असनच."

पण प्रफुलला हे सगळं हौस म्हणून करायचं नव्हतं. खरं कारण त्याने मला, मी शिकवतो त्या कॉलेजसमोरच्या टपरीवर सांगितलं.

त्याच्या आईच्या, म्हणजे इंदुताईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. एक डोळा गेल्यात जमा होता, दुसऱ्याचं ऑपरेशन दसऱ्याच्या आत झालं नाही तर तोही जाणार होता. नागपूरला आठ दिवस राहावं लागणार होतं. आणि इंदुताई सात वर्षांत एक संध्याकाळही घराबाहेर राहिल्या नव्हत्या. कारण रोज सात वाजता त्या लच्छूचं ताट वाढत.

लच्छू हा प्रफुलचा धाकटा भाऊ. २००१च्या श्रावणात, एका रविवारी, सायकल घेऊन जंगलात सात्या आणायला गेला. सात्या म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानातली पांढरी छत्री; मटणापेक्षा महाग आणि सकाळची संध्याकाळपर्यंत न टिकणारी. सायकल सापडली, झाडाला नीट टेकवून ठेवलेली. लच्छू सापडला नाही. वाघाचे ठसे नव्हते, कपड्याची चिंधी नव्हती, कुठल्या पार्टीची, म्हणजे नक्षलवाद्यांची, चिठ्ठी नव्हती. पोलिसांनी तीन पानांचा पंचनामा केला, त्यात दोन पानं सायकलीची होती.

"सर, ताट दिसलं का माय ते मांडते," प्रफुल म्हणाला. "म्हणते, सातला पोरगा आला अन् ताट नसलं तर माघारी जाईन. आता ह्या चिनी जेवणात ताटच नाई. हातात वाटी, बस. एक दिवस तिचा खंड पडला पाहिजे. एक दिवस पडला तर आठ दिवस पडू शकते."

योजना मला बावळट वाटली. पण मी इंजिनिअर नाही, म्हणून गप्प बसलो.

जाता जाता त्याने एक किस्साही सांगितला. साइटच्या मेसमध्ये त्याने एकदा काड्या भाताच्या वाटीत उभ्या खोचून ठेवल्या, तेव्हा एरवी हसतमुख असलेल्या चेनसाहेबांनी त्याच्या हातावर फाडकन मारलं. काड्या उभ्या खोचलेला भात त्यांच्याकडे फक्त मेलेल्यासाठी ठेवतात म्हणे.

रविवारी सहाला आम्ही जमलो. प्रफुल, त्याची बायको दिव्यानी, इंदुताई, बाबूभाई, त्यांच्या पत्नी खुर्शीदा आणि मी. सहा माणसं, सहा वाट्या. घरातली यच्चयावत ताटं प्रफुलने माळ्यावर चढवून शिडी शेजाऱ्याकडे देऊन टाकली होती. चिरलेली कोंबडी बाबूभाईंनी आणली होती. बाकी झिंगे, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पालक आणि बारा सात्या. सात्या त्या दिवशी सकाळीच रानभाज्या विकणारी शकुबाई दारावर घेऊन आली होती. दिव्यानीने त्या तीन पाण्यांनी धुऊन, पुसून, सुपात ओळीने मांडल्या होत्या.

साडेसहाला नेमाने वीज गेली. साऱ्या राज्याला दिवे पुरवणारा आमचा जिल्हा कंदील लावण्यात तरबेज आहे. दिव्यानीने कंदील लावला, बाबूभाईंनी शेगडी पेटवली, आणि आम्ही चटईवर पातेल्याभोवती गोल करून बसलो.

"सर, जरा इकडे सरका," इंदुताई मला म्हणाल्या.

मी सरकलो. त्यांनी खुर्शीदाभाभींनाही दुसरीकडे सरकवलं. दाराच्या बाजूला एक माणूस मावेल एवढी फट पडली. प्रफुलने फटीकडे पाहिलं.

"माय, सगळे एकातच काड्या घालतात, तुले चालन ना?"

"उष्टं नाई का होत?"

"उकळत्या पाण्यात उष्टं राहत नाई."

"कोणत्या पुस्तकात लिवलं?"

"चिनी पुस्तकात, ताई," बाबूभाई म्हणाले. "आपल्याले वाचता येत नाई म्हणून चालते."

इंदुताई हसल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं. ते त्यांना दिसत नव्हतं, पण सातचे टोले ऐकू आले. त्या उठल्या, आपल्या वाटीत भात वाढला, आणि वाटी त्या मोकळ्या जागेपुढे ठेवली.

"अवं आई, तुमची वाटी?" दिव्यानी म्हणाली.

"मले भूक नाई."

प्रफुलची योजना इथे, सात वाजून एक मिनिटाने, संपली होती. पण इंदुताईंचं काम व्हायचं होतं. त्यांनी आपल्या काड्या चाचपून घेतल्या. जमिनीवर ठेवल्या तर त्या घरंगळत होत्या आणि त्यांना धूळ लागत होती. मग कोणतीही नीटनेटकी बाई करील तेच त्यांनी केलं. काड्यांची जोडी भातात सरळ उभी खोचली.

प्रफुलचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तर काड्या निघाल्या असत्या. तो बोलला नाही. मीही नाही.

त्यानंतर जेवण छान झालं, असं म्हणायला हरकत नाही. खुर्शीदाभाभींना काड्या पहिल्याच झटक्यात जमल्या. बाबूभाईंनी एका झिंग्याचा पाठलाग पाच मिनिटं केला.

"मेला आहे ना हो हा?"

"कधीचा," दिव्यानी म्हणाली.

"मंग पळून काऊन राह्यला?"

सात्या दिव्यानीने माळकरी बाजूला सोडल्या, बाराच्या बारा. वाफ दाट झाली. ती वर जाण्याऐवजी एका बाजूला, दाराकडे वळत होती. दार बंद होतं, वारा नव्हता. वाफ त्या मोकळ्या जागेपर्यंत जायची आणि तिथे काही अडल्यासारखी दोन्ही बाजूंनी फाटायची. मी शेजारीच होतो. माझ्या डाव्या दंडाला ओल्या कापडाचा गारवा लागत होता. जंगलातून आलेल्या माणसाला एक वास असतो, पाल्याचा आणि भिजलेल्या चपलेचा. तो मला आला. मी तो वास्त्यांच्या नावावर टाकला आणि जेवत राहिलो.

"सात्या कोणीच घेऊन नाई राह्यले," दिव्यानी म्हणाली. "रबर होऊन जाईन त्याचं."

बाबूभाईंनी झारा घातला. आला तो रस्साच. त्यांनी तळ ढवळला. पालक आला, वास्ते आले.

"सर, तुम्ही घेतल्या?"

"नाही."

"भाभी?"

"मैंने तो चखी भी नहीं."

कोणीच घेतल्या नव्हत्या. दिव्यानीने कंदील उचलून पातेल्यावर धरला, आणि मग सगळ्यांनाच ते दिसलं. मोकळ्या जागेसमोर पातेल्याच्या काठावर देठ मांडून ठेवले होते. एकाला एक लावून, सरळ ओळीत. बाबूभाईंनी बोट न लावता मोजले. बारा.

आता बोरकुट्यांच्या घरी जेवलेल्या कोणालाही ही ओळ ओळखू आली असती. लच्छू सात्यांच्या नुसत्या छत्र्या खायचा आणि देठ ताटाच्या काठावर ओळीने लावायचा. प्रफुल हात लांब करून ते उचलायचा. त्याला देठच आवडायचे. दोघा भावांचा हा करार लहानपणापासूनचा. मीही तो अनेकदा पाहिला होता.

"काय झालं?" इंदुताईंनी विचारलं. "गप्प काऊन झाले सारे?"

दिव्यानीने सांगितलं. इंदुताईंनी हात पुढे केला, काठावरून बोटं फिरवली, एकेक देठ चाचपला. मग त्यांचा हात भाताच्या वाटीकडे गेला. काड्या उभ्याच होत्या.

"प्रफुल, मी ह्या काड्या रोवल्या तवा तुहा श्वास अडकला. मले डोळ्याचं कमी झालं, कानाचं नाई. काऊन?"

प्रफुलने सांगितलं. चेनसाहेबांची चापट, मेलेल्याचा भात, सगळं. सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

मला वाटलं, आता ही बाई किंचाळेल. त्या बराच वेळ देठ कुरवाळत होत्या.

"सात वर्षं मी जित्याचं ताट वाढून राह्यली," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्या ताटात त्याले हात घालताच येत नसन. दारातूनच जात असन बिचारा. इतक्या साध्या गोष्टीसाठी चीनचा माणूस यावा लागला."

"माय..."

"तुह्या वाटीत आत्ता काही पडलं, मले ऐकू आलं. पाह्य."

प्रफुलने वाटी कंदिलाखाली धरली. रश्शात, पालकाच्या बाजूला, एक अख्खी सात्या होती. कच्ची. मी बोट लावून पाहिलं. उकळत्या पातेल्याशेजारी बसलेल्या त्या वाटीत ती विहिरीच्या पाण्यासारखी गार होती. देठाला तांबडी ओली माती. दिव्यानी पुटपुटली, "मी तर बाराच घेतल्या होत्या. तीन पाण्यांनी धुतल्या."

"तूनंच मागतल्या होत्या ना त्याच्यापाशी," इंदुताई म्हणाल्या. "त्या दिवशी. तुह्या सासुरवाडीचे येणार होते म्हणून. घे. आणली त्यानं. खा."

हे मला माहीत नव्हतं. दिव्यानीलाही नसावं. तिने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून तरी.

प्रफुलने ती खाल्ली नाही. वाटी खाली ठेवली आणि अंगणात निघून गेला. खुर्शीदाभाभी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. बाबूभाईंनी शेगडी बंद केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. इंदुताईंनी भातातल्या काड्या काढल्या, पदराला पुसल्या आणि म्हणाल्या, "नागपूरले कधी निघाचं ते सांग दिव्यानी. आता मले घाई आहे. हा पोरगा दिसेनासा झाला, दुसरा तरी दिसला पाहिजे."

ऑपरेशन बुधवारी झालं, आणि चांगलं झालं. निघाल्यापासून नवव्या दिवशी तिघं परतली तेव्हा मी भेटायला गेलो. सातला थोडा वेळ होता. इंदुताई डोळ्यावर हिरवं फडकं लावून खाटेवर बसल्या होत्या, दिव्यानी चार पोळ्या लाटत होती, शिडी परत आली होती आणि प्रफुल माळ्यावर चढला होता. ताट उतरवल्याचा आवाज झाला.

"कोणाचं?" इंदुताईंनी विचारलं.

"लच्छूचं."

"तो जेवला ना बाप्पा. संपलं त्याचं."

"मी नाई जेवलो, माय," प्रफुल म्हणाला.

त्याने ताट खाली मांडलं आणि कपाटातून त्या रविवारची ती वाटी काढली. नऊ दिवस ती त्या बंद घरात होती. सात्या संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. ही पांढरीशुभ्र होती आणि देठाची माती अजून ओली होती.

सातचे टोले पडले. प्रफुल त्या ताटावर बसला, सात्या ताटात घेतली, न धुता, आणि छत्री तेवढी खाल्ली. सावकाश, डोळे मिटून.

देठ त्याने काठावर ठेवला. सरळ. मग आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "प्रफुल कुठी गेला?"